आण्णांना चालताना कुणी बघितलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात ज्येष्ठांच्या आरोग्यावर बरंच येतं, गुडघे, शुगर, बीपी, विसराळूपणा, मी वाचते आणि कात्रणं पण काढून ठेवते. पण म्हातारपणी चाल बिघडते त्यामागे डोक्यात पाणी साठण्याचा, इलाज असलेला एक आजार असू शकतो हे मला कुठल्याच पुरवणीत सापडलं नाही, आणि ते कळेपर्यंत आमची दोन वर्षं गेली, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा पण पाठीतून पाणी काढण्याच्या टेस्टचा भाग तेवढा ठेवा.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर रोज पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊन यायचे. 2021 च्या दिवाळीनंतर त्यांची चाल बदलायला लागली. आधी नुसती हळू झाली, मग पाय उचलणंच बंद, दोन पायांत अंतर ठेवून पंजे बाहेरच्या बाजूला करून फरशीवरून पाय सरकवत चालायचे. चप्पल पायातून मागे राहायची आणि त्यांना कळायचं पण नाही. सगळ्यात अवघड म्हणजे वळणं, संडासच्या दारात वळायला आठ-दहा पावलं लागायची, आणि उंबऱ्यापाशी आले की जागच्या जागी थबकायचे. म्हणायचे, "खालून कुणीतरी पाय धरून ठेवलेत गं." डॉक्टर लोक याला मॅग्नेटिक गेट म्हणतात, म्हणजे पायाला लोहचुंबक लावल्यासारखी चाल, हे मला फार नंतर कळलं. आण्णा तेच सांगत होते, त्यांच्या शब्दांत.

आम्ही काय स्वस्थ बसलो नव्हतो. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं गुडघे झिजलेत, दुसऱ्यांनी सांगितलं मणक्यात गॅप आहे, बी-12 ची इंजेक्शनं झाली, बेल्ट झाला. पलंगावर झोपवून तपासलं की आण्णा दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे झकास फिरवून दाखवायचे, डॉक्टर म्हणायचे पॉवर उत्तम आहे, वयोमानानुसार चालायचंच. आता मला माहितीये की या आजारात असंच असतं, ताकद जात नाही, मेंदूकडून पायाला चालण्याचा जो हुकूम जातो तो नीट पोचत नाही, त्यामुळे झोपून पाय हलतात आणि उभं राहिलं की अडतात.

आणि एक गोष्ट जी मला आजही झोपू देत नाही. प्रत्येक हॉस्पिटलात गेटवरच वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन यायचा, चांगल्या मनानेच, आण्णांना बसवायचा, तसंच केबिनमध्ये न्यायचा आणि तसंच बाहेर आणायचा. दोन वर्षांत पाच डॉक्टर झाले, त्यातल्या एकानेही त्यांना चालताना बघितलं नाही! चालता येत नाही म्हणून गेलेला माणूस आणि त्याची चाल कुणी बघितली नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही की म्हणावं डॉक्टर जरा उभं करा यांना.

मग कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ महिने घेतल्या, काही फरक नाही, नुसती मळमळ. कंपवातातही पाय अडतात, पावलं छोटी होतात, त्यामुळे गल्लत होते हे मी समजू शकते, पण आण्णांचे हात चालताना बऱ्यापैकी हलत होते, हात थरथरत नव्हते, आणि पाय फाकवून चालत होते, कंपवातात पाय सहसा जवळजवळ पडतात. 2023 मध्ये लघवीचा कंट्रोल जायला लागला. घाई लागायची आणि पाय तर उचलत नाहीत, मग रस्त्यातच व्हायचं. सगळ्या गावाला एसटीतून सुखरूप पोचवलेला माणूस डायपर लावताना भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. बोलणं कमी झालं, विचारलेल्याचं उत्तर मिनिटभराने द्यायचे. घरात सगळे म्हणायला लागले आता डोकं पण चाललं.

सहाव्या डॉक्टरांनी आण्णांना व्हीलचेअरवरून उठवलं, बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं आणि दोनदा चालायला लावलं. परत येऊन वर्षभर जुना सीटी स्कॅन लाईटवर लावला. रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतंच, वेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या, मोठी आहेत, वयामुळे. आमच्या फाईलमध्ये वर्षभर ते पडून होतं. त्यांनी नाव सांगितलं, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस, एनपीएच. साध्या भाषेत डोक्यात पाणी साठणं.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव तयार होतो, दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि तेवढाच शोषला जातो, एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून 150 मिलीच्या आसपास असतो. हे शोषलं जाणं बिघडलं की पोकळ्या फुगतात, पण दाब मोजला तर नॉर्मलच्या आसपास येतो, म्हणून हे नाव. कोलंबियातल्या सालोमॉन हाकिम नावाच्या न्यूरोसर्जनने हे ओळखलं आणि 1965 मध्ये जगापुढे मांडलं. चाल, लघवी, स्मरणशक्ती ही तीन लक्षणं, त्यात बहुतेक वेळा पहिली बिघडते ती चाल आणि इलाजानंतर सगळ्यात जास्त सुधारते तीही चालच. तिन्ही लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका असं का म्हणतात ते यावरून कळेल. नुसत्या स्कॅनवरून मात्र ठरत नाही, मेंदू वयाने आकसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात.

म्हणून टॅप टेस्ट करतात. कमरेतून सुई घालून 30 ते 50 मिली पाणी काढतात आणि आधी-नंतर चाल मोजतात. आमच्या घरात यावरून रडारड झाली, आत्या म्हणाली पाठीतलं पाणी काढलं की माणूस कमरेतून जातो, मोठा भाऊ म्हणाला या वयात कशाला. ही भीती घराघरात आहे, म्हणून सांगते की सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, खाली नुसत्या नसांचे धागे असतात. नंतर डोकं दुखू शकतं, ते आण्णांचंही दुखलं, दोन दिवसांत थांबलं. (रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.)

टेस्टच्या आधी 10 मीटर जायला आण्णांना 34 सेकंद आणि 41 पावलं लागली. दुपारी, पाणी काढल्यावर तीन तासांनी, 19 सेकंद आणि 25 पावलं. मी स्वतः मोजली, मोबाईलवर व्हिडिओ आहे. वळताना तीन पावलांत वळले आणि माझ्याकडे बघून हसले. चार दिवसांनी परत पहिल्यासारखं झालं, कारण पाणी तर तयार होतच राहतं, आणि आण्णा भावाला म्हणाले, "परत काढा की रे पाणी." त्यानंतर ऑपरेशनला घरात कुणी विरोध केला नाही.

ऑपरेशनमध्ये कवटीला छोटं भोक पाडून नळी घालतात, ती कातडीखालून मानेतून छातीवरून पोटात सोडतात, जादा पाणी पोटात जाऊन शोषलं जातं. या नळीला शंट म्हणतात. मध्ये किती पाणी जाऊ द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. काही व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने कमी-जास्त करता येतात, ते महाग, आपल्या देशात बनणारे साधे शंट खूप स्वस्त असतात, कुठला लागेल ते सर्जन सांगतात. जन आरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. आणि एमआरआय करायची वेळ आली तर शंट आहे हे सांगा, काही व्हॉल्व्हचं सेटिंग त्या मशीनमध्ये बदलतं.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. 2025 मध्ये 99 रुग्णांवरचा एक अभ्यास आला, सगळ्यांना शंट बसवला पण अर्ध्यांचा व्हॉल्व्ह तीन महिने जवळजवळ बंद ठेवला, कोणाचा ते रुग्णांना माहीत नव्हतं. चालू असलेल्यांचा वेग सेकंदाला सरासरी 0.23 मीटरने वाढला, बंदवाल्यांचा 0.03. पण मेंदूभोवती रक्त साठण्याचं प्रमाण चालू शंटवाल्यांत 12 टक्के होतं, दुसऱ्यांत 2. म्हणून शंटनंतर माणूस पडला, डोकं दुखायला लागलं, सारखी झोप यायला लागली तर घरी बसू नका, लगेच सीटी करा. शंट बंद पडू शकतो, इन्फेक्शन होऊ शकतं. सगळ्यांना फायदा होतोच असंही नाही. आण्णांची आठवण पूर्ण परत आली नाही, लघवीचं बरंच सुधारलं, चाल मात्र खूपच सुधारली. काठी घेऊन घाटापर्यंत जातात, मध्ये एकदा कट्ट्यावर बसतात. दोन वर्षं आधी झालं असतं तर अजून किती सुधारलं असतं हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही.

मागे अमेरिकन गायक बिली जोएल यांनी याच आजारामुळे सगळे कार्यक्रम रद्द केल्याची बातमी आली, चार लोकांना नाव कळलं. आपल्या गावातले आजोबा-आजी मात्र कठडा धरून बसलेत आणि आपण त्यांना वय झालं म्हणतोय. प्रत्येकाला एनपीएच असेल असं नाही, मणका असेल, कंपवात असेल, छोटे छोटे स्ट्रोक असतील, पण बघायला तर पाहिजे ना!

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक ओपीडीच्या कॉरिडॉरमध्ये 10 मीटरवर दोन रेघा मारा आणि साठीच्या पुढच्या, चालायची तक्रार असलेल्या प्रत्येक माणसाला व्हीलचेअरवरून उठवून, आधार देऊन, तेवढं चालवून बघा, सेकंद आणि पावलं केसपेपरवर लिहा. आणि घरच्यांनी दर दोन महिन्यांनी चालण्याचा, वळण्याचा, खुर्चीतून उठण्याचा व्हिडिओ काढून ठेवावा, डॉक्टरांच्या पुढे तोच धरावा. या विषयावर तुम्ही एखाद्या न्यूरोसर्जनकडून लेख लिहून घेतलात तर आमचे आधीचे-नंतरचे व्हिडिओ द्यायला आम्ही तयार आहोत. आण्णांना विचारलंय, त्यांनीच सांगितलं, लिही.

आपली एक वाचक,
कराड