नानाकाका, मिलो आणि दादा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं जमलं नसतं म्हणून लिहितेय. रविवारी माझ्या अनूच्या होणाऱ्या सासरच्यांना दादाच्या स्किझोफ्रेनियाबद्दल सांगायचं की नाही हा विषय निघाला, मी म्हटलं, ‘आनुवंशिक आजार आहे, सांगायलाच हवं,’ आणि बाबा, तुम्ही न बोलता फोन आईकडे दिलात. आई म्हणाली की तेव्हापासून भिंतीवरचा नानाकाकांचा फोटो उतरवून ठेवलाय. चूक माझी. मी अर्धंच बोलले.

नानाकाका परसातल्या खोलीत एकटेच बोलत बसायचे, मलाही आठवतं. पण त्यांच्याकडून निघून थेट दादाकडे पोचला असा या आजाराचा एकच जीन (जनुक) नसतो. 2022 सालच्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी संबंधित 287 जागा जनुकांत सापडल्या, एकेकीचा वाटा चिमूटभर. त्यातलं थोडंफार सगळ्यांकडेच असतं. बाबांकडे, आईकडे, माझ्याकडेही. एकसारख्या जुळ्यांचे जीन तर जवळपास तेच असतात, तरी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तर साधारण निम्म्या जोड्यांत दुसरा त्यातून सुटतो. तेव्हा ‘तुमच्या घराण्यातलं’ आणि ‘तुझ्या माहेरचं’ हा तीस वर्षांचा तंटा आता मिटवा. त्याचा निकाल लागणार नाही.

आई, तुझं मिलोचं. दादा पोटात असताना बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडत होतीस, मिलोच्या (त्या परदेशी लाल ज्वारीच्या) भाकरी आणि सुकडीवर दिवस काढत होतीस, हे तू किती वेळा सांगितलंस! मी ते हसण्यावारी नेलं, पण त्यात तथ्य आहे. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं होतं. त्या उपासमारीच्या ऐन काळात गर्भात आलेल्या मुलांमध्ये पुढे हा आजार दुपटीने आढळला. पण दुप्पट म्हणजे किती? 100 मध्ये एखाद्याला होणारा आजार दोघांना. बाकीचे 98 ठणठणीतच. आणि पाऊस काय तू अडवला होतास?

तुला तो सुरुवातीचा डॉक्टर आठवतो ना, ‘आईने फार धाक दाखवला असेल’ म्हणणारा? त्याचं खापर जुन्याच मातीचं होतं. अमेरिकेत 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी असा दोष आयांच्या माथी मारला, आणि कितीतरी आया तो वाहत राहिल्या. पुढे डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तर आजार जन्म देणाऱ्या कुटुंबात जास्त दिसला, वाढवणाऱ्या कुटुंबात नाही. दादाला तू मारलेल्या चापट्या मीही खाल्ल्यात.

बाबा, तुमचा प्रश्न वेगळा होता. बावीस वर्षं चांगला असलेला मुलगा अचानक कसा बिघडतो? तुम्ही डाळिंबाची छाटणी करता, म्हणून तुम्हाला चटकन कळेल. वयात येताना मेंदूही पेशींमधले नको असलेले जोड छाटतो, आणि हे काम विशीपर्यंत, त्यानंतरही काही वर्षं चालतं. 2016 साली सी-फोर नावाच्या जीनचा माग लागला. त्याचा जोर जास्त असला की छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असं संशोधकांना वाटतं. म्हणजे अचानक काही झालं नव्हतं. झाड आधीपासून वेगळं होतं, दिसलं छाटणीनंतर.

दादाच्या गोळ्या मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाला आवर घालतात. त्याला ऐकू येणारे आवाज थांबले ते गोळ्यांनी, नरसोबाच्या वाडीच्या फेऱ्यांनी नाही (आई, रागावू नकोस, फेऱ्या चालू ठेव). पण त्याच गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, तेव्हा त्याची शुगर या महिन्यात तपासून घ्या. आणि बरा दिसतो म्हणून डोस निम्मा करू नका. गेल्या वर्षी काय झालं ते तिघांनीही पाहिलंय.

अनूच्या सासूबाईंना मी सगळं सांगितलं. मामाला हा आजार असेल तर भाचीला व्हायची शक्यता 100 मध्ये 2 ते 4 असते, हेही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, त्यांच्याही एका चुलत दिरांना होता.

पत्रिकेत मामा म्हणून दादाचं नाव छापायला दिलंय. मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो, आणि आपल्याकडे तो एकच आहे. मी त्याला विचारलं. येतो म्हणाला, फक्त बँड लांब उभा करायला सांगितलाय.

तुमची,
ताई