मागच्या डिफरन्शियलमधला लोखंडाचा कीस आणि तीनदा बदललेला सेन्सर: तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

माझा दहाचाकी टिपर तुमच्या अधिकृत वर्कशॉपच्या आवारात मागचा ॲक्सल उघडा टाकून बावीस दिवस उभा आहे. मालक मीच, ड्रायव्हरही मीच. लोणीकंदच्या क्रशरवरून खडी भरायची आणि दिवे घाटाने सासवडला टाकायची, हे रोजचे काम. गाडी उभी असली तरी हप्ता थांबत नाही.

सुरुवात एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, दिव्याने झाली. कॉम्प्युटर लावला, चाकाचा वेग मोजणाऱ्या मागच्या डाव्या सेन्सरचा कोड आला, नवा सेन्सर बसला. नऊ दिवसांनी दिवा परत. पुन्हा सेन्सर. तिसऱ्या खेपेला सेन्सरबरोबर वायरिंगचा तुकडाही बदलला. तिन्ही बिले मी भरली.

हा सेन्सर चाकाच्या हबवरच्या (मधल्या तुंब्यावरच्या) दातेरी रिंगेसमोर बुशात नुसता दाबून बसवलेला असतो. हबच्या बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की डुलणारी रिंग त्याला मागे ढकलते, मधली फट वाढते आणि सिग्नल तुटतो. बिचारा सेन्सर खरेच सांगत होता. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहायला पाच मिनिटे लागतात. तिन्ही वेळा जॅक कुणी लावला नाही.

दुसऱ्या खेपेलाच मी काउंटरवर सांगितले होते की घाट चढताना मागून गुणगुण येते आणि ॲक्सिलरेटर सोडला की आवाज बदलतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज ॲक्सिलरेटरला दाद देत नाही, म्हणून माझा संशय क्राऊन-पिनियनवर, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीवर, होता. जॉबकार्डवर लिहिले गेले, 'ग्राहकास आवाज वाटतो'. वाटतो!

पुढे डाव्या ड्रमवर ऑइलचा ओघळ आला, ब्रेक नीट लागेना. तेव्हा मी उभा राहून डिफरन्शियलच्या हाऊसिंगचा, म्हणजे कवचाचा, ऑइल काढायचा ड्रेन प्लग काढायला लावला. प्लगच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर असता तर मी गप्प बसलो असतो, तो कुठल्याही गाडीत निघतो. इथे नखाएवढ्या चकचकीत पापड्या होत्या आणि एक तुकडा तर दाताचा कोपरा होता. ऑइल निघाले जेमतेम निम्मे.

मूळ सापडले ते ॲक्सलवरच्या ब्रीदरमध्ये, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या भोकात. खडीच्या धुळीने तो सिमेंट ओतल्यासारखा बुजला होता. घाटात हाऊसिंग तापले की आतल्या हवेला वाट मिळत नाही, मग ती ऑइललाच सीलमधून ढकलते. ते ऑइल हबमध्ये शिरले, ग्रीस धुऊन गेले, बेअरिंग ढिले पडले. इकडे हाऊसिंगमध्ये ऑइल कमी पडून पिनियनचे बेअरिंग आणि दात खाल्ले गेले. दिवा, आवाज, ओघळ, कीस, सगळे त्या एवढ्याशा भोकातून आले. आणि ४०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसच्या बिलावर 'ब्रीदर साफ केला' असे लिहून तुम्ही मजुरी घेतली आहे.

तरी वॉरंटी नाकारली. कारण: 'ओव्हरलोड'. तीन ॲक्सलच्या या गाडीला एकूण २८.५ टनांची मुभा आहे. माझ्या वजनकाट्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. दोनदा काटा २९ वर गेला, त्याही काढून घेतलेल्या नाहीत. पण अर्ध्या टनाने क्राऊनचे दात तुटतात का? दात एकमेकांवर कुठे टेकतात याचे मार्किंग घेतले का, दातांमधली मोकळीक म्हणजे बॅकलॅश मोजला का, असे विचारले तर तुमच्या वॉरंटी विभागाकडे कागद नाही. जुने ऑइल त्याच दिवशी ओतून टाकले. कीस मी बाटलीत भरून ठेवला म्हणून बरे.

क्राऊन-पिनियन, बेअरिंग आणि सील वॉरंटीत बदलून मिळावेत आणि तीन सेन्सरचे पैसे परत मिळावेत. जोडणीआधी हाऊसिंग आणि ॲक्सलच्या नळ्या माझ्यासमोर धुवाव्यात, नाहीतर उरलेला कीस नवी बेअरिंगही खाईल. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 'गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही' हे उत्तर तेवढे देऊ नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामात धरत नाहीत.

आपला,
टिपरमालक

सोबत: तीन बिले, जॉबकार्ड, सर्व्हिसचे बिल, काट्याच्या पावत्या, प्लगचे फोटो. कीस पाठवलेला नाही. तो पाहायला तुमच्या इंजिनिअरला इथे यावे लागेल.