तात्या, खंड्याचे पैसे जमा झाले

आदरणीय तात्या,

सा. न. वि. वि.

तुमचे तोंडावर आभार मानायची सोय नाही. परवा बोलायला सुरुवात केली तर "गॅसवर दूध नाही ना ठेवलंस गो?" म्हणून मला आत पिटाळलंत. म्हणून हे असं जाहीर पत्र. नाव घालू नको म्हणालात, घालत नाही. गुहागर तालुक्यात दर वाडीत एक तरी तात्या असतोच, त्यामुळे ज्याला कळायचं त्यालाच कळेल.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. खंड्या आमचा गावठी कुत्रा. रंगाने तांबूस, वाडीतल्या इतर दहा कुत्र्यांसारखाच. वानरांना नारळ-पोफळीपासून लांब ठेवणं हे त्याचं काम, आणि ते तो आमच्या गड्यांपेक्षा मनापासून करतो. त्याचा विमा लेकीने पुण्यात बसून मोबाइलवर काढला. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माणसांचे हप्ते भरताना नाकी नऊ येतात, आता कुत्र्याचा पण!" मीही हसले होते.

पाऊस लागल्यावर एका रात्री गडग्याच्या कडेला त्याला फुरसं चावलं. पुढचा उजवा पाय बघता बघता सुजला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आपल्याकडे जनावर म्हटलं की कोणीतरी लगेच परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव काढतं, पण परळ कुठे आणि आपण कुठे. 1962 हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर लावायचा, तर ती वेळ त्यांची नव्हे. गाडी सांगितली आणि शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत चिपळूण गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी दार उघडलं, हे त्यांचे उपकार.

त्यांनी केलेली एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. नंतर नळी तिरकी केली, तर रक्त कोकमाच्या आगळासारखं सरळ वाहिलं. निरोगी रक्त एवढ्या वेळात गोठून तळाशी धरून राहतं. फुरशाचं किंवा घोणसाचं विष अंगात भिनलं की ते गोठतच नाही. मग प्रतिविष सुरू झालं. सहा तासांनी तीच नळी-परीक्षा पुन्हा, तेव्हा गाठ धरली नव्हती, म्हणून आणखी कुप्या. त्यानंतरच्या खेपेला रक्त गोठलं. आणि हे सगळं डॉक्टर केसपेपरवर वेळ घालून लिहीत होते. तेव्हा मला ते लिहिणं म्हणजे उगीच वेळकाढूपणा वाटला होता.

हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच. माणसाला सरकारी दवाखान्यात ते फुकट टोचतात, कुत्र्यासाठी मात्र औषधाच्या दुकानातून विकत आणावं लागतं, आणि एका कुपीत भागत नाही. डॉक्टर, औषधं, सलाइन, रक्ताच्या तपासण्या असं सगळं मिळून 17,850 रुपये झाले. गाडीभाडं वेगळं. पावसाळ्यात आमच्याकडे राहायला पाहुणे नसतात, म्हणजे घरात पैसा येत नाही तेव्हाच हा खर्च. खंड्या मात्र चार पायांवर घरी आला.

दावा लेकीने ऑनलाइन भरला. गणपती तोंडावर असताना कंपनीची मेल आली: दावा नामंजूर. रक्तस्राव, लाल लघवी आणि प्लेटलेट कमी असल्याने हा गोचीड ताप दिसतो, आणि आजारासाठी पॉलिसीत जो सुरुवातीचा थांबण्याचा काळ असतो तो अजून संपलेला नाही. शिवाय खाली एक ओळ: उपचार झालेला कुत्रा हाच विमा उतरवलेला कुत्रा आहे, हे स्पष्ट होत नाही.

मी मखराचं सामान काढत होते. म्हटलं, जाऊ दे मरू दे. तेवढ्यात तुम्ही पातोळ्यांसाठी हळदीची पानं मागायला आलात.

तुम्ही पानं विसरलात तात्या. पडवीत बसलात, चष्मा पुसलात आणि "सगळे कागद आण, फेकायला काढलेले पण" म्हणालात. पंख्याने बिलं उडायला लागली तेव्हा सुपारीच्या टोपलीत हात घालून एकेका बिलावर एकेक सोलायची सुपारी ठेवलीत. डावीकडे डॉक्टरांचे कागद, मधे औषधांची बिलं, उजवीकडे लॅब. काही सुपाऱ्या तुम्ही लांब पायरीपाशी मांडल्यात. मी विचारलं तर म्हणालात, "हे पैसे येणार नाहीत. आत्ताच सोड." त्यात टॉनिक आणि खास खाऊची 1,150 रुपयांची बिलं होती, आणि चिठ्ठीशिवाय घेतलेल्या औषधांची 1,600 ची. उरले 15,100. पॉलिसीत वीस टक्के आपला वाटा असतो, तो काढलात, आणि पेपराच्या कडेला पेन्सिलीने आकडा लिहिलात: 12,080. "एवढे मिळायला हवेत. याच्यापेक्षा एक रुपया जास्त मागायचा नाही आणि कमी घ्यायचा नाही."

मला सगळ्यात पटलं ते हे. धीर देणारी माणसं पुष्कळ भेटतात. पोकळ धीर न देता खरा आकडा सांगणारे तुम्ही एकटेच.

मग तुम्ही केसपेपर वाचलात. तीन वेळा तरी वाचला असेल, बोट फिरवत. गोचीड ताप कंपनीने कुठून काढला ते तुम्हीच शोधलंत: लॅबच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी गोचीड ताप नाही ना याची खात्री करायला सांगितली होती. संशय फेडायला लिहिलेली ओळ कंपनीने निदान म्हणून उचलली होती. गोचीड तापातही प्लेटलेट उतरतात आणि लघवी लाल होऊ शकते, त्यामुळे वरवर वाचणाऱ्याची गल्लत होणं शक्य आहे, हेही तुम्हीच बोललात. कंपनीला शिव्या घालायला मी तयार बसले होते, तुम्ही घालू दिल्या नाहीत. पण त्याच केसपेपरवर दाताच्या खुणा, सूज आणि तीन वेळच्या नळी-परीक्षा घड्याळासकट होत्या. गोचीड तापाने न गोठणारं रक्त सापाच्या प्रतिविषाने गोठायला कसं लागेल? एवढा एकच प्रश्न तुम्ही पत्रात घातलात. बाकी पत्र चार ओळींचं. आणि माझ्या पॉलिसीत सर्पदंश अपघातात धरलेला आहे, आजारात नाही, आणि अपघाताला थांबण्याचा काळ लागत नाही, हे कलमाच्या नंबरासकट.

डॉक्टरांकडूनही एक दाखला मागायला सांगितलात, कारण कोणतं आणि त्याचा परिणाम कोणता, हे वेगवेगळं लिहिलेला. सर्पदंश हे कारण, रक्तस्राव हा परिणाम. त्यांनी तो आनंदाने दिला. त्याच वेळी आमच्या नात्यातल्या एकाने सुचवलं होतं की, आलोच आहोत तर सासूबाईंच्या मांजराच्या तपासणीचं बिल पण खंड्याच्या नावावर करून घेऊ. तुम्ही नुसतं त्याच्याकडे बघितलंत. तो चहा न घेता गेला, गणपतीतसुद्धा जरा लांबूनच आरती म्हणाला.

ओळखीचा मुद्दा आला तेव्हा तुमची खरी नोकरी दिसली. सरकारी विमा कंपनीत आयुष्यभर गाई-म्हशींचे आणि मच्छीमारी होड्यांचे दावे बघितलेला माणूस. गाईच्या विम्यात कानातला बिल्ला म्हणजे सर्वस्व, बिल्ला नाही तर दावा नाही, हे तुम्ही कितीदा तरी ऐकवलंय. कुत्र्याच्या कानात बिल्ला नसतो. तुम्ही पॉलिसी काढतानाचा फोटो मोबाइलवर मोठा करून खंड्याला समोर बसवलंत आणि सोनाराच्या नजरेने तपासलंत. डावा कान टोकाला चिरलेला. पुढच्या दोन्ही पायांवर पांढरे मोजे, त्यातला उजवा आखूड. शेपटीचं टोक पांढरं. लसीकरणाच्या पुस्तकावर हेच वर्णन, डॉक्टरांच्या केसपेपरवरही चिरलेल्या कानाची नोंद. तिन्ही कागद एकाखाली एक लावून तुम्ही झेरॉक्स काढायला लावलीत. खंड्या सगळा वेळ तुमच्या धोतराचा सोगा हुंगत होता, पुरावा म्हणून त्याचं वागणं काही भारदस्त नव्हतं.

झेरॉक्सवरून आठवलं. औषधाच्या दुकानातली ती गुळगुळीत बिलं उष्णतेने पांढरी होतात, त्यामुळे त्याच दिवशी झेरॉक्स मारून ठेवायची, हे तुमच्याकडून शिकले. चिपळूणच्या 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर तुम्ही निवृत्त असूनही दुकानदारांचे अर्ज भरून द्यायला जात होतात. चिखलात भिजलेल्या स्टॉकच्या वह्या उन्हात पान पान वाळवून आकडे काढलेत, हे मी लोकांकडून ऐकलंय, तुमच्याकडून नाही. त्यापुढे आमची बिलं म्हणजे काहीच नव्हतं. तरी तुम्ही ती तितक्याच गंभीरपणे घेतलीत.

पुढची वाटही आखून दिलीत. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पत्र, पोच घ्यायची. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, फक्त वर्षाच्या आत जायचं. शिवाय विमा प्राधिकरणाचं बीमा भरोसा पोर्टल आणि 155255 हा नंबर. कागद अपुरे एवढ्याच कारणाने सर्वसाधारण विम्याचा दावा फेटाळता येत नाही, हे प्राधिकरणाच्या जून 2024 च्या परिपत्रकात आहे. ती ओळ तुम्ही वहीत उतरवून ठेवलेली होती. निवृत्त माणूस स्वतःसाठी असल्या गोष्टी वहीत लिहितो, याचं मला अजून नवल वाटतं.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. दसऱ्याच्या आसपास खात्यात 12,080 रुपये आले. पेन्सिलीचा आकडा जसाच्या तसा. तो पेपर मी फाडून देवघराच्या फळीवर ठेवलाय. सासूबाई विचारतात रद्दी तिथे कशाला, मी सांगत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी माझं जमत नाही. तुम्ही म्हणता, पुढच्या वर्षी विमा नको, हप्त्याचे पैसे पोस्टात आरडी करून टाक, कुत्र्याचं औषधपाणी त्यातून कर. लस-जंताच्या गोळ्यांचा खर्च विम्यात येतच नाही, तेव्हा त्यापुरतं तुमचं बरोबर. पण तात्या, जांभ्याच्या गडग्यात फुरसं आरडी मुरायची वाट बघत बसत नाही. पहिल्याच वर्षी चावलं तर पोस्टात कितीसे जमलेले असणार? मी नूतनीकरण करणार. खंड्याचं वय वाढलं की हप्ता वाढेल आणि एका वयानंतर कंपनी घेणारही नाही, तेव्हा आरडीचं बघू. तुमचं ऐकून आत्ताच एक छोटी उघडलीसुद्धा, म्हणजे भांडण मिटलं असं समजा.

मायक्रोचिप बसवून घ्यायची तुमची सूचनाही मान्य. तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली सुईने घालतात आणि तिच्यावर पंधरा आकडी नंबर असतो. पुढच्या खेपेस कोणी विचारायला नको की हा तांबडा तोच तांबडा का. चिपळूणच्या डॉक्टरांना फोन केलाय, पायाचा व्रणही दाखवून येऊ.

आता कामाचं. वेळणेश्वरच्या एका बाईंची जर्सी गाय गेली, बिल्ला सापडत नाही. आणि पालशेतचे एक जण बोटीच्या विम्याचं विचारत होते. दोघांनाही कुठून तरी कळलंय की "त्यांच्याकडे कोणी आहे". मी तुमचं नाव सांगितलेलं नाही, शपथ. पण दोघांचे फोन नंबर लिहून घेतलेत. काय सांगू ते कळवा. बाईंना मी एवढंच म्हटलंय की गोठ्यातलं शेण-गवत उपसायच्या आधी बिल्ला नीट शोधा.

हळदीची पानं काकूंकडे पाठवली होती, ती मिळाली ना?

आपली नम्र,
खंड्याच्या घरची