‘आय५’ म्हणजे नेमका कोणता? जाहिरातीत पूर्ण क्रमांक छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा आधार (म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नियमित अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून घरोघरी एकच प्रश्न आहे: जुना डेस्कटॉप भंगारात द्यायचा की थोड्या पैशांत सुधारून घ्यायचा? त्याच सुमारास वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘कोअर आय५, १६ जीबी, एसएसडी, फुल सेट, नवाकोरा’ अशा चौकटी दिसतात. या चौकटीत जे छापलेले असते ते खोटे नसते. जे छापलेले नसते त्यातच सगळी गोम असते.

‘आय५’ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे नाव २००९ पासून चालू आहे. २०१२ चा आय५-३४७० हाही आय५, आणि २०२४ चा आय५-१४४०० हाही आय५. पहिल्यात चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामे). २०२२ च्या साध्या आय३-१२१०० मध्ये चार कोअर, आठ थ्रेड आणि वेग दुपटीच्या घरात. म्हणजे नवा ‘तीन’ जुन्या ‘पाच’ला सहज मागे टाकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. डॅशनंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा जनरेशनचा (३४७० म्हणजे तिसरी, ६५०० म्हणजे सहावी), पाच आकडे असतील तर पहिले दोन (१२१०० म्हणजे बारावी). दुकानदार हा क्रमांक सांगायला कां-कूं करत असेल तर तिथेच समजावे.

‘नवाकोरा’ हा शब्दही फसवा आहे. तिसऱ्या जनरेशनचे प्रोसेसर ऑफिसांच्या भंगारातून येतात, पण ते बसवायला एच६१ चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचे) मदरबोर्ड आजही नव्या खोक्यात, वॉरंटीसह मिळतात. हा चिपसेट २०११ चा. बोर्ड नवा, जमाना जुना. अशा पीसीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. इंटेलची आठवी जनरेशन किंवा एएमडीची रायझेन २००० मालिका ही तिची साधारण खालची मर्यादा आहे, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) लागते. काही जण रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) फेरफार करून ती बसवून देतात. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढच्या अपडेटची हमी देत नाही.

तेव्हा बाजारात जाण्याआधी आपल्याच कॅबिनेटमध्ये काय आहे ते बघावे. सीपीयू-झेड नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या ‘मेनबोर्ड’ पानावर बोर्डाचे मॉडेल आणि चिपसेट दिसतो, ‘मेमरी’ पानावर रॅम डीडीआर३ पिढीची की डीडीआर४ ची ते कळते. एच६१ म्हणजे दुसरी-तिसरी जनरेशन, एच८१ म्हणजे चौथी, एच११० म्हणजे सहावी-सातवी, एच३१० म्हणजे आठवी-नववी. बाकी सगळी खरेदी या एका ओळीवर ठरते.

इथे एक खड्डा आहे, त्यात जाणकारही पडतात. एच११० आणि एच३१० या दोन्ही बोर्डांचे सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए ११५१. आठव्या जनरेशनचा प्रोसेसर एच११० मध्ये व्यवस्थित बसतो, खटका लागतो, पंखा फिरतो आणि डिस्प्ले मात्र येत नाही. पिनांचा आकार तोच असला तरी त्यांची जोडणी बदललेली आहे. त्यामुळे ‘विंडोज ११ साठी फक्त प्रोसेसर बदलून देतो’ असे एच११० च्या मालकाला कोणी सांगत असेल तर ऐकू नये. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांचे नशीब बरे. त्यांच्या ए३२० किंवा बी४५० बोर्डावर बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझेन ५००० मालिकेपर्यंत जाता येते. मात्र अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे, आणि यूपीएस असल्याशिवाय करू नये. मध्येच वीज गेली तर बोर्ड दुरुस्तीला जातो.

आता पैसे कशावर घालायचे. जुन्या पीसीत अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर पहिला रुपया एसएसडीवर. हार्डडिस्कला दर छोट्या फाइलसाठी डोके हलवावे लागते, सेकंदाला शंभराच्या आसपास उड्या होतात. एसएसडी तेच काम हजारोंच्या संख्येने करते. म्हणून एच६१ वरच्या जुन्या ३ गिगाबिटच्या साटा (डिस्क जोडायच्या) पोर्टवरही फरक डोळ्यांना दिसतो. त्यासाठी महागडी एनव्हीएमई (आणखी वेगवान जातीची एसएसडी) लागत नाही. त्या पिढीच्या बहुतेक मूळ बोर्डांवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच होत नाही. अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. एच८१ वर चारांपैकी दोनच साटा पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, केबल त्यातल्या एकात लावावी. एच११० च्या पुढे एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डात बसवायची खाच) असेल तरी बोर्डाच्या पुस्तिकेत तो साटा घेतो की एनव्हीएमई ते वाचावे. दोन्ही कार्डे दिसायला सख्खी भावंडे. काही बोर्डांवर एम.२ भरले की एक साटा पोर्ट बंद होतो, आणि मग ‘हार्डडिस्क गेली’ म्हणून धावाधाव होते.

एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची पॉवर पिन शिल्लक नसेल तर दुकानात पन्नास-शंभर रुपयांत मोलेक्स (जुन्या चार पिनांच्या) जोडणीतून वीज घेणारा मोलेक्स-ते-साटा कनेक्टर मिळतो. त्यातला ओतीव प्लॅस्टिकचा अजिबात घेऊ नये. आतल्या तारा एकमेकींपासून इंचभरही लांब नसतात, प्लॅस्टिक मऊ पडले की शॉर्ट होऊन जळतात. ज्यात तार पिनेला दाबून बसवलेली असते आणि मागची टोपी उघडते, तो घ्यावा.

जुनी डिस्क नव्या एसएसडीवर क्लोन करण्याआधी (जशीच्या तशी उतरवण्याआधी) क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत पाहावी. पिवळा ‘कॉशन’ दिसत असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे हलवावीत, क्लोनचे मग बघू. ज्यांचे मशीन विंडोज ११ च्या यादीत बसते त्यांनी आणखी एक बघावे. टीपीएम बहुधा बोर्डात असतेच, बायोसमध्ये बंद असते. इंटेलवर त्याचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. पण जुने विंडोज एमबीआर (डिस्कचे भाग मांडण्याच्या जुन्या) पद्धतीच्या डिस्कवर असेल तर बायोसमध्ये यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) केल्या केल्या ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश येतो. डिस्क बिघडलेली नसते. विंडोजमधल्याच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ या साधनाने आधी ती जीपीटी या नव्या मांडणीची करून घ्यायची राहिलेली असते.

रॅमबाबत सध्या हात आखडता घ्यावा. कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून भाव चढले आहेत; मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. (पत्र छापून येईपर्यंत दर बदललेले असतील, म्हणून इथे आकडे देत नाही.) रोजची सगळी कामे उघडी ठेवून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती टक्के भरली ते बघावे. सत्तरच्या आत असेल तर जास्तीची रॅम नुसती बसून राहील. ४ जीबी असेल तर ८ करणे भाग आहे. ८ चे १६ मात्र हा आकडा पाहूनच.

डीडीआर३ वाल्यांसाठी खास इशारा. ऑनलाइन ८ जीबीची एक डीडीआर३ स्टिक इतरांपेक्षा बरीच स्वस्त दिसते आणि वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरांत ‘फक्त एएमडीसाठी’ असे असते. तिच्यावरच्या चिपांची मांडणी इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला समजत नाही, त्यामुळे इंटेलच्या बोर्डावर नुसते बीप वाजतात. स्टिकरवर ‘२आरएक्स८’ किंवा ‘१आरएक्स८’ लिहिलेली घ्यावी; ‘एक्स४’ असेल तर परत. एच८१ ला दोनच स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक लावायच्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर (प्रोसेसरशी जोडणाऱ्या एकाच वाटेवर) जातात आणि बोर्डावरचे ग्राफिक्स मंदावते. रॅम बदलल्यावर डीडीआर५ चे मशीन पहिल्यांदा सुरू होताना मिनिटभर किंवा जास्तही काळा पडदा दाखवते. ते रॅमची जुळणी करत असते, घाबरून बटण दाबू नये.

एसएमपीएसकडे मात्र कोणी बघतच नाही, आणि घोडे इथेच पेंड खाते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॉट’ असे ठळक लिहिलेले असते. त्याच्या बाजूचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. तक्त्यात १२ व्होल्टखाली १४ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. एवढीच खरी ताकद. खऱ्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, ‘८० प्लस’ची (वीज कमी वाया जाण्याची) खूण असते आणि हातात घेतला की वजन जाणवते. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीला १६८ वॉटही पुरतात, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. कार्ड बसवले की गेम सुरू होताच मशीन बंद पडते आणि दोष कार्डाला दिला जातो.

ब्रँडेड ऑफिस पीसी सेकंडहँड घेणाऱ्यांनी झाकण उघडून एसएमपीएसची मुख्य केबल बघावी. नेहमीच्या २४ पिनांऐवजी ६ किंवा ८ पिनांची असेल तर बाजारातला कोणताही एसएमपीएस थेट लागणार नाही. त्याच डब्यावर भागवावे लागेल, म्हणजे कार्ड घ्यायचे तर स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर चालणारेच, आणि कॅबिनेट बारीक असेल तर तेही लो-प्रोफाइल (कमी उंचीचे).

जाता जाता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा सॉकेटला अर्थ नसते. फेज आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने २३० च्या जवळ व्होल्ट यायला हवेत. नवे सुटे भाग घालण्याआधी वायरमनला बोलवा, त्याचे पैसे अपग्रेडच्याच हिशेबात धरा.

ग्राफिक्स कार्डावर फार शाई खर्च करत नाही. जीटी ७१० घेऊ नये, बाराव्या जनरेशनच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स त्याहून बरे आहे. स्वस्तातली ‘१०५० टीआय’ जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये तपासावी. जुन्या कार्डांचे बायोस बदलून ती या नावाने विकली जातात आणि अशा वेळी तिथे नावापुढे ‘फेक’ असे उमटते.

एच६१ आणि एच८१ वाल्यांना सल्ला असा की, एसएसडी घ्या आणि थांबा. ती उद्या नव्या बोर्डावर नेता येते, चांगला एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटरही नेता येतात. डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर तिथेच राहतो. अशा मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकले तर आणखी काही वर्षे निघतील, मराठी युनिकोड टायपिंगही त्यात होते. पैसे जमले की एच६१० बोर्ड आणि आय३-१२१००. यात दोन अक्षरे सांभाळावीत. प्रोसेसरच्या शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळाच. आणि एच६१० बोर्ड डीडीआर४ चेही येतात, डीडीआर५ चेही. बोर्डाच्या नावातले ‘डी४’ बघून, जी रॅम घेणार असाल तिला जुळेल तोच घ्यावा.

डीटीपीवाल्यांनी आणि हिशेबनिसांनी बोर्डाला हात लावण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. फाँटचा डोंगल (सॉफ्टवेअर चालू होण्यासाठी लावायची किल्ली) जुन्या प्रिंटर पोर्टचा असेल तर नव्या बोर्डावर तो पोर्ट बहुधा नसतो, आणि यूएसबीचे प्रिंटर-कन्व्हर्टर अशा डोंगलला सहसा ओळखत नाहीत. विक्रेत्याकडून यूएसबी डोंगल आधी बदलून घ्यावा. टॅलीचे लायसन्स मशीनशी बांधलेले असते, ते जुन्या मशीनवरच सरेंडर करून मग काम सुरू करावे.

आता मूळ विनंती. आपले वृत्तपत्र अशा जाहिराती स्वीकारताना एवढा आग्रह धरू शकते: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बोर्डाचा चिपसेट, रॅमचा प्रकार, एसएसडी साटा की एनव्हीएमई, आणि एसएमपीएसचे १२ व्होल्टवरचे अँपिअर. फार तर दोन ओळी वाढतील. ग्राहकांनीही हीच पाच नावे जीएसटीच्या बिलावर सीरियल क्रमांकांसह लिहून घ्यावीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की तालुक्याच्या गावात, ‘असेंबल्ड पीसी, १ नग’ एवढेच लिहिलेले बिल वॉरंटीच्या काउंटरवर चालत नाही.

आपला,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, पुणे