घात सापडली पाहिजे

प्रिय आई-आण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रानाचा विषय काढला की आण्णा, तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन आईकडं देता. म्हणून लिहिते.

रविवारी आले तेव्हा ट्रॅक्टर बैलांच्या दावणीपाशी उभा होता. बॉनेटवरचं हळदी-कुंकू अजून तसंच होतं. त्याच्याकडं बघत तुम्ही म्हणालात, "चोवीस एचपीचा हाय. लोक म्हणत्यात, खेळणं आणलंय." ते बोलणं तुम्हाला लागलंय, हे मला दिसलं. लोकांचं मनावर घेऊ नका. आपलं रान अडीच एकर, त्यातही तीन तुकडे. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर नुसता वळायला बांधाकडच्या दोन सऱ्या खातो. वजन दोन टनांच्या घरात, त्यामुळं ओल्या काळ्या रानात फिरला की खालची माती थापल्यागत बसते आणि उसाची मुळी खाली उतरत नाही.

गेल्या वर्षी पाऊस उघडला, रानाला घात आली, माती मशागतीला नेमकी ओलसर झाली, आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी आपण आठ दिवस थांबलो. घात सगळ्या गावाला एकदमच येते, आणि ट्रॅक्टरवाला आधी मोठ्या रानाकडं जातो. आपली पाळी आली तोवर रान वाळलं होतं. नुसती ढेकळं निघाली. ती फोडताना आईच्या तळहाताला आलेले फोड मी दिवाळीत बघितले. आता सकाळी मूठभर माती दाबून बघायची, मऊ फुटली की चावी फिरवायची. कुणाच्या दारात जायचं नाही.

हिशेब मीही मांडलाय. आपल्या अडीच एकरावर हप्ता फिटत नाही, हे खरं आहे. काकांचं आणि शेजारचं मिळून चार-पाच एकर रोटर मारायला, फिरत्या पात्यांनी माती बारीक करून द्यायला, मिळालं तर डिझेल आणि सर्व्हिसिंग निघेल. हप्त्याला मी आहे. त्याचा घोर लावून घेऊ नका.

एक मात्र ऐका. यंदाच्या उसाच्या लावणीला सरी तीन फुटांची सोडू नका, साडेचारची सोडा. तीन फुटांत हा ट्रॅक्टर शिरणारच नाही, आणि भरणीला, उसाच्या बुडाशी माती चढवायला, पुन्हा माणसंच शोधावी लागतील. चाकं आतल्या मापाला लावली की साडेचारच्या सरीत तो नीट चालतो. दीड-दोन महिन्यांची बाळभरणी आणि चौथ्या महिन्याच्या आसपासची मोठी भरणी, दोन्ही त्यानंच होतील. ओळी कमी होणार म्हणून तुमचा जीव तुटतो, मला माहीत आहे. पण मोकळ्या सरीत ऊन-वारा खेळतो, ऊस जाड होतो. निदान नदीकडच्या तुकड्यात करून बघा.

आणि आई, हे तुझ्यासाठी. रविवारी रोटरच्या पात्यांत पाचट अडकलं होतं. इंजिन चालूच होतं आणि तू वाकून ते ओढत होतीस. तुझा पदर ट्रॅक्टरवरून रोटर फिरवणाऱ्या शाफ्टपासून वीतभर लांब होता. तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक सापडलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. इंजिन बंद, चावी आण्णांच्या खिशात, मगच हात घालायचा. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर आण्णांनी काढून ठेवलंय, ते परत बसवा. आण्णा, तुमचा खांद्यावरचा टॉवेलही त्या वेळी घरी ठेवा.

गोठ्याच्या पत्र्याला लागते म्हणून ट्रॅक्टरची मागची लोखंडी कमान तुम्ही पाडून ठेवता. बाहेर काढला की ती उभी करा आणि सीटचा पट्टा लावा. माळाकडच्या तुकड्याला उतार आहे. बांधावर आडवा चढवू नका. ट्रॅक्टर उलटला तर ती कमानच माणसाला वाचवते.

शनिवारी दुपारच्या एस.टी.नं येते. ग्रीस गन आणि डिझेलचा फिल्टर घेऊन येते. कव्हर बसवायचं राहिलं असेल तर आपण दोघं मिळून बसवू.

तुमची,
लेक