विषय: बांबूचा पडदा काढण्याची नोटीस आणि गच्चीवरील पांढऱ्या लेपाचा रखडलेला अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

महोदय,

आपल्या सहीची नोटीस परवा वॉचमनने आणून दिली. माझ्या पश्चिमेच्या खिडकीबाहेरील बांबूच्या पडद्यामुळे इमारतीच्या दर्शनी भागाला बाधा येते, तो सात दिवसांत काढावा, असे तीत लिहिले आहे. पडदा मी काढणार नाही. कारणे लेखी देत आहे. समितीच्या बैठकीत ती पूर्ण वाचून दाखवावीत, एवढी विनंती.

पश्चिमेचे ऊन दुपारनंतर इतके तिरपे येते की वरचा सज्जा त्याला अडवू शकत नाही. आतून जाड पडदे लावून पाहा, असे सचिवांनी मला जिन्यात सांगितले होते. ते आम्ही केव्हाच लावले आहेत. पण आतल्या पडद्यापर्यंत पोचलेले ऊन काच ओलांडून घरात आलेले असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच कोंडते. बाहेरच्या बाहेर अडवले, तरच उपयोग होतो. त्या पडद्याला वीज लागत नाही, आवाज नाही, कोणाच्या घरात पाणी गळत नाही. खाली उभे राहून मी स्वतः पाहिले आहे, मुद्दाम मान वर केल्याशिवाय तो दिसतही नाही.

दर्शनी भागाचा नियम मला मान्य आहे. मग तो शेजारच्या सदनिकेच्या एसीला का लागू होत नाही? त्यांचे बाहेरचे युनिट डक्टमध्ये, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून बसवले आहे. बसवताना समितीची परवानगी घेतलेली नव्हती, हे आपणही जाणता. एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तीत घालतो. ती सगळी माझ्या ओट्यावर येते. ऐन उन्हाळ्यात, स्वयंपाकाच्या वेळी, आम्हाला ती खिडकी घट्ट बंद ठेवावी लागते. अरुंद डक्टमध्ये कोंडलेली तीच गरम हवा ते युनिट पुन्हा ओढून घेते, म्हणजे त्यांचेही बिल वाढते. हे मी त्यांना घरी जाऊन शांतपणे समजावले. एसी १८ ऐवजी २४ वर ठेवून सोबत पंखा लावला तर तेवढेच बरे वाटते आणि एका अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते, हेही सांगितले. ‘आमचे बिल आम्ही भरतो,’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर मी समितीकडे तक्रार दिली. तिची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आजवर नाही. माझ्या पडद्याची नोटीस तेवढी तत्परतेने आली.

आता गच्चीबद्दल. वॉटरप्रूफिंगचे काम निघाले तेव्हाच मी अर्ज दिला होता की काळा डांबरी थर देणार असाल तर त्यावर उष्णता परतवणारा पांढरा लेपही द्यावा. ताजा पांढरा लेप सुमारे ८० टक्के ऊन परतवून लावतो; काळा थर जवळजवळ सगळे पिऊन घेतो. तो अर्ज ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडला. आपण दुसऱ्या मजल्यावर राहता, त्यामुळे आपल्याला हे जाणवत नसेल. रात्री जेवणे उरकल्यावर आमच्याकडे या, स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावा. ऊन जाऊन कितीतरी वेळ झालेला असतो, तरी चटका बसतो. दिवसभर प्यायलेली उष्णता स्लॅब रात्रभर खाली सोडत राहतो. पंखा लावला की वरची तापलेली हवाच अंगावर येते. पहाटे खिडक्या उघडून घर जरा निवते न निवते, तोच पुन्हा ऊन चढते. अशा घरात एसी लावला तर तो स्लॅबशीच झुंजत बसेल. आम्ही तो अजून घेतलेला नाही, आणि केवळ समितीने लेप लांबवला म्हणून घ्यावा लागू नये, असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटते.

हे माझे एकट्याचे म्हणणे नाही. वरच्या मजल्यावरील सगळी घरे हेच बोलतात. समोरच्या आजींना तर रात्री हॉलमध्ये जमिनीवर झोपावे लागते. सह्या मागितल्यास आणून देईन. गच्ची सामाईक आहे, तिची देखभाल सोसायटीकडे असते, हे उपविधीतच आहे; ‘तुमच्या मजल्याचा प्रश्न’ हे खजिनदारांचे उत्तर त्यात बसत नाही.

माझ्या मागण्या अशा. पडद्याची नोटीस मागे घ्यावी, किंवा तीच नोटीस त्याच तारखेने डक्टमधल्या युनिटलाही द्यावी. गच्चीवरचा लेप पाऊस सुरू होण्याआधी, स्लॅब कोरडा असताना द्यावा. पावसाळा लागला की पुन्हा वर्ष जाईल. धूळ बसली की लेपाचा गुण उतरतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुऊन घेण्याचे काम मी स्वतः अंगावर घ्यायला तयार आहे.

उत्तर लेखी द्यावे. जिन्यात किंवा लिफ्टमध्ये दिलेले तोंडी उत्तर मी यापुढे उत्तर मानणार नाही.

आपला विश्वासू,
एक सभासद, सातवा मजला

सोबत: एसीबाबतच्या तक्रारीची पोच, गच्चीच्या अर्जाची प्रत