एका शून्याची गोष्ट

पुणे, रविवार रात्र

प्रिय संज्या,

तीन दिवस फोन उचलला नाही म्हणून रागावलास ना? एका शून्यापायी अडकलो होतो रे.

खोऱ्यातला पाऊस जोडणारं ते फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतलं छोटं फंक्शन तुला माहीत आहे. वरची ओळ 'रिअल :: बेरीज = ०.०', खाली एकेक आकडा मिळवत जाणारं लूप. आजवर एका वेळी एकच महिना काढायचो. यंदा पहिल्यांदाच सगळा पावसाळा एका दमात चालवला. जून बरोबर आला. जुलै जूनला पोटात घेऊन आला, ऑगस्ट दोघांनाही! मी डेटावर संशय घेतला, फाइल दोनदा नव्याने उतरवली. चूक त्या पहिल्या ओळीत होती.

सी भाषेमध्ये अशी ओळ फंक्शन बोलावलं की दरवेळी चालते. एकदाच चालायला हवी असेल, तर 'स्टॅटिक' लिहावं लागतं. फोर्ट्रान ९० पासून मात्र घोषणेतच, म्हणजे नाव जाहीर करणाऱ्या ओळीतच, किंमत दिली, की 'सेव्ह' (किंमत पुढच्या हाकेपर्यंत जपून ठेव) न लिहिताही लागू होतं. शून्य सुरुवातीला एकदाच, पुढे मागची बेरीज तशीच शिल्लक. मी घोषणा वेगळी केली, 'बेरीज = ०.०' खाली स्वतंत्र ओळीत आणलं आणि आकडे जागेवर बसले.

फंक्शनने मागचं लक्षात ठेवावं, याला माझी ना नाही. मोठा तक्ता एकदाच वाचून ठेवायचा तर तेच हवं. पण ते मागितल्यावर मिळावं, गुपचूप नाही. १९६० च्या अल्गोल भाषेमध्ये यासाठी 'ओन' हा शब्द होता, पण पहिली किंमत कुठे द्यायची याची सोयच नव्हती. सी++ मध्ये स्थानिक 'स्टॅटिक'ची किंमत अंमल त्या ओळीवर पहिल्यांदा पोचला की भरते. मग दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधले एकाच वेळी चालणारे दोन धागे, एकदमच पोचले तर? २०११ च्या मानकाने नियम घातला: एक भरेल, दुसरा थांबेल. मला सगळ्यात आवडतं ते पर्ल भाषेचं 'स्टेट', २००७ च्या ५.१० आवृत्तीतलं. शब्द वाचताच कळतं की इथे काहीतरी टिकून राहणार आहे. तुझ्या पायथॉनमध्येही जपून हो. पॅरामीटरला रिकामी लिस्ट डीफॉल्ट दिलीस, तर ती फंक्शन घडतानाच एकदा बनते आणि पुढच्या प्रत्येक हाकेला तीच भरत जाते.

आता मुख्य काम. दिवाळीत तुला दिलेल्या फाइलीत हेच फंक्शन आहे. तू एकेकच महिना काढत असशील, तर जुने आकडे बरोबर आहेत. सलग चालवले असशील, तर ते पुन्हा काढ. दुरुस्त फाइल सोबत पाठवतोय, जुनी आजच काढून टाक.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझा,
अव्या